शिफ्टच्या शेवटच्या तासातल्या तपासण्या

ते प्रकरण अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. पस्तीस वर्षांच्या नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, जळालेल्या बायकांचे जबाब घेतले. त्यातलं बरंच आता पुसट झालं. हे मात्र दाण्यादाण्यासकट आठवतं. खरं तर ते माझ्या नोकरीतलं नाहीच. मला रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती आणि घटनास्थळ होतं इंग्लंडमधल्या इल्फर्डला, माझ्या मुलीच्या फ्लॅटचं स्वयंपाकघर.

मी नागपूरची. शाळा सातवीपर्यंत. त्या काळी महिला शिपाई मिळत नसत, म्हणून सातवी पास बाईलाही घेतलं. हवालदार म्हणून रिटायर झाले. नवरा लवकर वारला. एकच मुलगी. ती डॉक्टर झाली, परीक्षा देऊन इंग्लंडला गेली. मी वर्षातून एकदा व्हिजिटर व्हिसावर तिच्याकडे राहायला जाते. इल्फर्डहून ट्रेनने ती लंडनबाहेरच्या एका हॉस्पिटलात जाते, इमर्जन्सी विभागात. नावं मी कोणाचीच लिहिणार नाही.

त्याआधी नोकरीतली एक गोष्ट सांगते, कारण पुढे ती लागणार आहे.

माझं दुसरं वर्ष होतं. ठाण्यात एक बाई आली. नवऱ्याने मारलेलं. दंड काळानिळा, ओठ फाटलेला. मी तिची फिर्याद घेतली, जखमा डोळ्याने पाहून लिहिल्या. तिला मेडिकलला पाठवायला पाहिजे होतं. पण दवाखान्याची वेळ टळली होती, कडेवरचं मूल रडत होतं आणि जखमा तर समोर दिसत होत्या. "उद्या जाऊ," म्हटलं. दुसऱ्या दिवशी ती आलीच नाही. पुढे कोर्टात नवऱ्याच्या वकिलाने मला विचारलं, "जखमा होत्या? कशावरून?"

मी म्हटलं, "मी पाहिल्या."

"बाई, तुम्ही डॉक्टर आहात का?" तो म्हणाला. सगळे हसले. मी गप्प झाले. नवरा सुटला आणि व्हरांड्यात माझ्यासमोरून मिशीवर हात फिरवत गेला.

त्यानंतर मी कागदाशिवाय काही सोडलं नाही. साधी सायकल चोरीला गेली तरी मी पावती मागायची. कोणी काही सांगितलं की माझ्या तोंडून पहिला शब्द निघायचा, "कशावरून?" ठाण्यातल्या नवीन पोरी मला मागे 'कशावरूनबाई' म्हणत. मला माहीत होतं. त्याने माझं काही बिघडत नव्हतं.

आता इल्फर्डचं सांगते.

खबर मिळाली ती एका रविवारी. इल्फर्डला आमचे लोक महिन्यातून एकदा शाळेचा हॉल घेऊन वंदनेला जमतात. कार्यक्रम संपला. मी बाहेर चपला शोधत होते. तेवढ्यात पुण्याची एक सिस्टर जवळ आली. मुलीच्याच विभागात काम करते.

"जय भीम, मावशी. डॉक्टर नाही आल्या?"

"झोपली आहे. थकते फार."

"थकणारच हो. त्यात ते मीटिंगचं टेन्शन."

"कोणती मीटिंग?"

पाकीटमाराचा हात दुसऱ्याच्या खिशात धरावा तसं तिचं तोंड झालं. "अय्या, तुम्हाला बोलल्या नाहीत? मग माझं नाव नका घेऊ हं, प्लीज."

"खबऱ्याचं नाव मी पस्तीस वर्षांत घेतलं नाही. बोल."

तिने सांगितलं ते असं. विभागात कोणता डॉक्टर किती तपासण्या लावतो, म्हणजे रक्ताच्या टेस्ट, एक्स-रे, स्कॅन, याची यादी काढली होती. त्यात माझी मुलगी सगळ्यांत वर. एवढी वर की विभागाच्या मोठ्या डॉक्टरांनी तिला दहा दिवसांनी बोलावलं होतं. तिच्या वर्षाच्या फॉर्मवर सही त्यांचीच लागते. सही नाही तर वर्ष पुढे जात नाही. वर्ष अडलं तर नोकरीचं कठीण, आणि व्हिसा नोकरीवर उभा.

"स्वभावाने खूप चांगल्या आहेत हो त्या," सिस्टर म्हणाली. "पण मुली चेष्टा करतात. बोट कापलेला पेशंट आला तरी डॉक्टर डोक्याचा स्कॅन लावतील म्हणतात."

मी घरी आले. मुलीला काही बोलले नाही. आधी घरातच पाहणी केली. तिचा डबा तीन दिवस अर्धा परत येत होता. पोळी खाल्लेली, भाजी तशीच. म्हणजे घाईने काहीतरी घशाखाली ढकललं होतं. बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात एक घडी घातलेला कागद होता. तो मी काढला नाही. झडती घ्यायची तर पंच लागतात, आणि स्वतःच्या पोरीची झडती घेऊ नये.

मंगळवारी तिला सुट्टी होती. सकाळी थालीपीठ लावलं, लोणी काढलं, चहा ठेवला. जबाब घ्यायचा तर समोरच्याला आधी खायला घालावं. पोट भरलेल्या माणसाला खोटं बोलायचा कंटाळा येतो. आमचे जुने साहेब मारझोड करत आणि भलतंच वदवून घेत. मी पोहे देऊन खरं काढत असे.

दुसरं थालीपीठ तिच्या ताटात पडल्यावर मी म्हटलं, "मीटिंग कशाची आहे?"

तिचा घास थांबला. "कोणी सांगितलं?"

"ते सोड. कशाची आहे?"

"आई, हे पोलीस स्टेशन नाहीये."

"नाहीच. तिथे मी लोणी देत नव्हते."

ती हसली नाही. पण उठूनही गेली नाही. मग हळूहळू सगळं सांगितलं. सिस्टरने सांगितलं तेच, थोडं जास्त.

मी विचारलं, "तू इतक्या टेस्ट काहून लावतेस?"

तिच्याकडे उत्तरं तयार होती. बरेच दिवस मनात घोळवलेली असणार. म्हणाली, पेशंटच गुगल करून येतात, स्कॅन करा म्हणून अडून बसतात. दुसरं, काही चुकलं की तक्रार होते, आणि बाहेरच्या देशातून आलेल्या डॉक्टरची तक्रार लोक लवकर करतात. तिसरं, कॉम्प्युटरच असा की 'छातीत दुखणं' दाबलं की पाच टेस्टवर आपोआप टिक येते, काढायची तर एकेक काढावी लागते.

मी ऐकून घेतलं. सगळं खरं होतं, ती खोटं बोलत नव्हती. पण तपासात एक बघावं लागतं. जे कारण सगळ्यांना लागू आहे, ते एकाच माणसाचं कारण नसतं.

"तुमच्याकडे बाहेरून आलेले डॉक्टर किती?"

"निम्मे तरी असतील. एक केरळचा आहे, एक इजिप्तची."

"त्यांचे पेशंट गुगल करत नाहीत? त्यांचा कॉम्प्युटर वेगळा आहे?"

"नाही."

"मग तू एकटीच वर कशी?"

तिने बॅगेतला तो कागद आणला. मीटिंगआधी विचार करायला म्हणून मोठ्या डॉक्टरांनीच दिला होता. महिनाभरात तिने लावलेल्या सगळ्या टेस्ट. त्यावर पेशंटचं नाव नाही, वय नाही, काही नाही. फक्त वार, वेळ आणि टेस्टचं नाव.

"मला टेस्टमधलं कळत नाही," मी म्हटलं. "वेळ वाच."

आमच्याकडे एखाद्या भागात चोऱ्या वाढल्या की नवीन फौजदार नकाशा घेऊन बसायचे. मी घड्याळ बघायची. किती वाजता झाल्या हे कळलं की चोर काय काम करतो ते कळतं.

मी टेबलावर कागदाचे दहा तुकडे मांडले. तिची शिफ्ट सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, म्हणून एका तासाला एक तुकडा. डब्यातून चवळी काढली. ती वेळ वाचत गेली, मी एका टेस्टला एक दाणा टाकत गेले. पाऊण तास लागला. ती मध्ये म्हणाली, "आई, हे एक्सेलमध्ये दोन मिनिटांत होतं." मी म्हटलं, "मग तू इतक्या दिवसांत काहून केलं नाहीस?" तेव्हा पुढची वेळ वाचू लागली.

सकाळच्या तासांवर थोडे थोडे दाणे होते, दुपारी जरा जास्त. आणि पाच ते सहाच्या तुकड्यावर रास. वाटी भरेल एवढी. दाणे घरंगळून टेबलाखाली गेले. ते तिनेच उचलून परत राशीवर ठेवले. मोबाईलने फोटो काढला आणि बघत बसली.

"पाचला पेशंट जास्त येतात?"

"नाही. हे बरेचसे दुपारचेच पेशंट आहेत. मी त्यांना आधी बघितलेलं असतं."

"तीनला तपासलेल्या माणसाचं रक्त पाचला काहून काढतेस?"

ती काही बोलेना. मीही बोलले नाही. जबाबात ही जागा आली की पोलिसाने तोंड बंद ठेवावं. नवीन लोक इथेच पुढचा प्रश्न विचारतात आणि सगळं घालवतात.

शेवटी म्हणाली, "सहाला हँडओव्हर असतो."

हँडओव्हर म्हणजे आमच्याकडे ठाणे अंमलदार बदलतो तसं. जाणाऱ्याने येणाऱ्याला सगळं सांगायचं, कोण पेशंट, काय झालं, काय ठरवलं. मोठे डॉक्टर फळ्यापाशी उभे राहतात. भोवती आठ-दहा जण. प्रत्येक डॉक्टर आपले पेशंट सांगतो आणि ते विचारतात, हाऊ डू यू नो?

मला तेवढं इंग्रजी कळतं. 'कशावरून?'

"एकदा असंच झालं," ती म्हणाली. "तिसराच आठवडा होता माझा. एक बाई छातीत दुखतं म्हणून आली होती. मी तपासलं, स्नायूचं दुखणं होतं. तसं सांगितलं. सरांनी विचारलं, हाऊ डू यू नो? आणि माझ्या तोंडून शब्दच फुटेना. सगळे बघत होते."

मला वाटलं, सापडलं. "त्या बाईचं काय झालं? मेली का?"

"आई!"

"सांग ना."

"काही नाही झालं तिला. स्नायूच होता. घरी गेली."

"मग दुसरं कोण मेलं?"

"कोणीच नाही मेलं! माझ्या हातून कोणीही मेलेलं नाहीये." आणि ती रडायला लागली. मी तिच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला. रडणाऱ्याला मी हात लावत नाही, त्याने माणूस जास्त रडतो.

पाणी पिऊन तिने मागच्या आठवड्यातलं सांगितलं. एक म्हातारे गृहस्थ आले होते. बागेतली कुंडी उचलताना छातीत चमक भरलेली. दाबलं की दुखत होतं. तीनला तपासून हिने ठरवलं, घरी सोडायचं. पाच वाजले तशी हिला धाकधूक सुरू झाली. रक्ताची एक टेस्ट लावली. त्या वयात ती थोडी वाढलेली येतेच म्हणे. तशीच आली. आता वाढलेली आली म्हणून स्कॅन करणं भाग. स्कॅनला रांग. म्हातारे दुसऱ्या दिवशी सकाळी सुटले. स्कॅनमध्ये काही नव्हतं.

"त्यांची बायको सगळं विसरते. घरी एकटी होती," ती म्हणाली. "शेजारीण सकाळी गेली तर शेगडी चालू आणि बाई नाइटीवर बागेत उभी. थंडीने काकडत. ते मला सांगत होते आणि वर थँक यू म्हणत होते, इतकी काळजी घेतलीत म्हणून. मला तीनलाच माहीत होतं, त्यांना काही नाहीये."

मला राग आला तो त्या मोठ्या डॉक्टरचा. मी म्हटलं, "तो माणूस चारचौघांत पोरींना दटावतो म्हणून हे होतं."

"नाही आई. सर दटावत नाहीत. सगळ्यांनाच विचारतात, साध्या आवाजात. केरळचा डॉक्टर सांगतो, इथे दाबलं, असं झालं. सर 'गुड' म्हणतात आणि पुढे जातात. मला उत्तर येतं, पण बोलता येत नाही."

"काहून येत नाही?"

ती दाण्यांकडे बघत होती. "खरं सांगू?"

"त्यासाठीच बसले आहे."

"सरांनी विचारलं ना, की मला तू दिसतेस."

हातातला दाणा मी परत राशीवर ठेवला.

"मी म्हणायचे, आई मला ताप आहे. तू म्हणायचीस, कशावरून? थर्मामीटर दाखव. मी पाचवीत होते. बाईंनी माझा निबंध वर्गात वाचून दाखवला. मी पळत घरी आले. तू म्हणालीस, कशावरून? लिहून आण. मी दुसऱ्या दिवशी बाईंकडून चिठ्ठी लिहून आणली. बाई हसल्या होत्या. हातात कागद नसेल तर मी तोंड उघडत नाही, आई. टेस्ट म्हणजे माझा कागद आहे."

मी उठले आणि सिंकमधली भांडी घासली. ती आधीच घासलेली होती.

मग मी परत येऊन बसले आणि कोर्टातली ती गोष्ट तिला सांगितली. इतक्या वर्षांत कधी सांगितली नव्हती. तिने ऐकून घेतली. मला वाटलं, म्हणेल, बिचारी. ती डॉक्टर आहे, तिने दुसरंच विचारलं.

"दंड कुठे काळानिळा होता? वर की कोपराजवळ?"

"वर. बाहेरच्या बाजूने."

"रंग?"

"मधे काळा, कडेने जांभळा. चार पट्टे होते, बोटांचे. अंगठ्याचा आतून."

"मग हे सांगायचं होतंस ना वकिलाला. डॉक्टर नसलीस म्हणून काय झालं, डोळे तर होते. 'मी पाहिल्या' एवढंच बोलून थांबलीस."

मी तिच्याकडे बघितलं. "तूही तिथेच थांबतेस," मी म्हटलं.

एवढी वर्षं माझी समजूत होती की मी कागद नव्हता म्हणून हरले. कागद हवाच होता, ते खरं. पण जे पाहिलं ते क्रमाने सांगितलं असतं तर निदान कोणी हसलं नसतं. घाबरून मी जीभ गिळली आणि पुढची सगळी नोकरी दुसऱ्यांना कागद मागत राहिले. आपल्या पोरीलासुद्धा.

मीटिंगला आठ दिवस उरले होते. कोर्टात उभं करण्याआधी आम्ही साक्षीदाराला बसवून घेत असू. खोटं शिकवायला नाही. काय पाहिलं, कधी पाहिलं, आधी काय, मग काय, हे न अडखळता सांगता यावं म्हणून. तेच तिच्याबरोबर केलं. रोज सकाळी ती शूज घालत असताना मी दारात उभी राहायची आणि विचारायची, "हाऊ डू यू नो?" माझ्या तोंडचं इंग्रजी ऐकून पहिल्या दिवशी तिला हसूच आवरेना. बऱ्याच दिवसांनी हसली. मग माझ्या गुडघ्यावर सराव केला. कुठे हात लावला, काय गरम लागलं, काय लागलं नाही, म्हणून काय ठरवलं. मी म्हणायची, "भरभर नको. कोर्ट कुठे पळून जात नाही."

मीटिंगच्या दिवशी ती घरी आली तेव्हा मी फुलके करत होते. तिने कोट काढला नाही, तशीच ओट्याला टेकून उभी राहिली.

"काय झालं?"

"सरांना दाण्यांचा फोटो दाखवला. सांगितलं, मी टेस्ट पेशंटसाठी लावत नाही, तुमच्या प्रश्नासाठी लावते."

"असंच बोललीस?"

"असंच."

"मग?"

"म्हणाले, मी विचारतो ते तुम्ही लोकांनी स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवावा म्हणून. आणि त्याच प्रश्नामुळे तू मशीनकडे पळतेस? मग बाकीच्या डॉक्टरांचे कागद काढले. आई, सगळ्यांचंच पाच ते सहाला वाढलेलं होतं. केरळच्या डॉक्टरचंसुद्धा. माझं सगळ्यांत जास्त, बस."

सही त्या दिवशी मिळाली नाही. तीन महिने बघू म्हणाले. मोठ्या डॉक्टरांनी हँडओव्हरआधी चार वाजता एकदा सगळ्यांना भेटायला सुरुवात केली, फळ्यापाशी नाही, चहाच्या खोलीत. 'अडलंय का कुठे' एवढं विचारायला. तिथे बसून अडलेलं बोललं की पाचची धाकधूक निम्मी होते, असं मुलगी सांगते. यादीत ती अजूनही खाली नाही. मधे कुठेतरी आहे. काही टेस्ट लागतातच, आणि लागतात तेव्हा ती लावते. तीन महिन्यांनी सही झाली.

या प्रकरणात आरोपी कोणी निघाला नाही. मोठे डॉक्टर चांगल्या मनाने विचारत होते. मुलगी भीतीने करत होती. मी मुलीला पक्कं करायला गेले होते. तरी त्या म्हातारबुवांची बायको सकाळी थंडीत बागेत उभी राहिली. माणूस कागद मागतो तेव्हा तो नेहमी खरं शोधत असतो असं नाही, पुष्कळदा त्याला पुढच्या माणसासमोर आपली पाठ झाकायची असते. डॉक्टरही तेच करतात, पोलीसही. मी इतकी वर्षं तपास केला आणि हे मला आमच्या पोरीच्या टेबलावर कळलं.

नागपूरला परतायच्या आधीच्या आठवड्यात माझ्या पोटात उजवीकडे दुखायला लागलं. मुलीने मला सोफ्यावर आडवं केलं. हात चोळून गरम केले. इथे दाबलं, तिथे दाबलं, पाय वर करायला लावला, खोकायला लावलं, कान लावून ऐकलं. चांगली दहा मिनिटं. मग माझा पदर सरळ केला आणि म्हणाली, "गॅस आहे. टेस्ट काही नको."

'कशावरून?' अगदी जिभेवर आलं होतं. पस्तीस वर्षांची सवय आहे. मी ते गिळलं आणि म्हटलं, "बरं."

ती उठून दारापर्यंत गेली. तिथे थांबली. प्रश्न येईल म्हणून वाट बघत होती, मला कळत होतं. मी छताकडे बघत पडून राहिले.

मग ती परत आली, सोफ्याच्या कडेला बसली आणि मी न विचारताच सांगू लागली. कुठे दाबलं, कुठे दुखलं नाही, हाताला काय लागलं.